कलेतून सुवार्ता सांगायची तर सुरुवात तुटलेल्या पुतळ्यांच्या दुरुस्तीपासून करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही नाशिकरोडचे ८ जण आहात, त्यात २ सिस्टर म्हणजे धर्मभगिनी आणि बाकी सगळे नोकरी-धंदा करणारे प्रापंचिक, कुणाचा चित्रकलेत हात आहे, कुणी गातं, दोघांनी कॉलेजात पथनाट्य केलंय, आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला कलेतून प्रभूची ओळख करून द्यायचीय. घरातली मोठी माणसं म्हणतात टाळ-पखवाज आणि वारली हे आपलं कॅथलिक नाही, ऑफिसातले मित्र म्हणतात हे धर्मांतराचं काम वाटेल, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की स्टेज मोठं घ्यावं की छोटं.

मी साइनबोर्ड रंगवणारा माणूस आहे, पोटाचा धंदा तोच. पण २६ वर्षं चर्चमधले आणि लोकांच्या घरचे पुतळे दुरुस्त करतोय, आणि १५ वर्षं आमचा एक छोटा ग्रुप आहे, चित्र आणि भजन दोन्ही करतो. त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे, काही चुकलेलं पण आहे.

आधी एक मान्य करतो, बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. तुमच्या पॅरिशचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, मुख्य फादर याबाबत किती मोकळे आहेत, दोघी सिस्टर अजून किती वर्षं इथे आहेत, तुमच्यातले किती जण शिफ्टमध्ये काम करतात, हे मला माहीत नाही आणि त्यावर उत्तर बदलतं. नाशिकरोडला जे चालतं ते सुरगाण्याच्या पाड्यावर चालेलच असं नाही, आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला जी माणसं येतात त्यांचा कान वेगळा, तिथे मराठी भजन सुरू झालं की बाया आपोआप टाळी धरतात. नाशिकरोडला फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मुंबई, वसई, गोवा सगळीकडून गाड्या भरून लोक येतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही भरपूर, म्हणून तिथे एकच एक भाषा धरून चालत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न स्टेजचा नाहीच असं मला वाटतं. खरा प्रश्न असा आहे की जो माणूस मेणबत्ती घेऊन तासभर रांगेत उभा राहिलाय, तो काहीतरी मागायला आलाय, आणि तुम्ही त्याच्या त्या मागण्याच्या मध्ये उभे राहणार की बाजूला. हे आम्हाला पहिल्या वर्षी कळलं नाही. आम्ही मोठं स्टेज घातलं, भाड्याचे स्पीकर, येशूच्या जीवनावर प्रवेशामागून प्रवेश, पोरांनी दोन महिने तालमी केल्या होत्या. लोक जाताजाता दोन मिनिटं थांबायचे, मोबाईलवर फोटो काढायचे आणि पुढे. दुपारी एक बाई आल्या, कडेवर मूल, मुलाच्या हाताला सलाइनची सुई टोचून टेप लावलेली, आणि म्हणाल्या, "दादा, थोडा आवाज कमी करता का, मला आत नीट मागता येत नाही." मी स्पीकर बंद केला. त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही मला. आम्ही प्रभूबद्दल ओरडत होतो आणि एक आई प्रभूशी बोलायचा प्रयत्न करत होती.

पुढच्या वर्षी आम्ही फक्त एक चित्र केलं. परवानगी घेऊन, दर्शन घेऊन लोक बाहेर पडतात त्या वाटेच्या कडेला लावलं. विषय निवडला शिमोनचा, कारण २ फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाचा सण असतो, नाताळचा दिवस धरून ४० व्या दिवशी, आणि त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. मारिया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन येतात, म्हातारा शिमोन त्याला हातात घेतो आणि म्हणतो की सगळ्या राष्ट्रांसाठीचा प्रकाश माझ्या डोळ्यांनी पाहिला. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे यात्रेला आलेल्या माणसाच्या हातात जी मेणबत्ती आहे तिचीच ती गोष्ट, आम्हाला वेगळं काही बाहेरून आणायचं नव्हतं.

६ बाय ४ फुटाचा प्लाय, त्यावर शिमोन, पांढरं धोतर, बंडी, डोक्यावर टोपी, आपल्या दिंडोरीकडचा आजोबा वाटावा असा. पहिल्या स्केचमध्ये मी बाळ ताठ बसलेलं काढलं होतं, पुतळ्यात असतं तसं. आमच्या ग्रुपमध्ये एक आजी आहेत, चार नातवंडं न्हाऊ घातलेल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "चाळीस दिवसांच्या लेकराला असं धरतात होय रे? मान तरी बसलीये का त्याची?" खोडून परत काढलं. एक पंजा मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि म्हाताऱ्याची बोटं थोडी पसरलेली, भीती असते ना हातातून निसटेल म्हणून, तशी. त्या एका पंजाने चित्र उभं राहिलं. समोर सतरंजी टाकली, एक जण एकतारीवर हळू आवाजात भजन म्हणत बसला, माइक नाही. लोक थांबले. सतरंजीवर बसले. सिन्नरकडचे एक गृहस्थ, कपाळाला गंध, बराच वेळ बघत बसले आणि मग विचारलं, "हे बाबा कोण? यांचं काय नातं बाळाशी?" मग सांगितलं, पाच मिनिटं, तेवढंच. ते म्हणाले माझे वडील पण नातू बघायला थांबले होते, बघितला आणि तिसऱ्या दिवशी गेले.

माझ्या हिशोबाने सुवार्ता सांगणं ते होतं. प्रश्न त्यांच्याकडून आला आणि उत्तर द्यायला आम्ही तिथे होतो. म्हणून स्टेजबद्दल माझं उत्तर, यंदा स्टेज घेऊच नका.

आता घरच्यांच्या शंकेबद्दल, कारण ती हलक्यात घेऊ नका, त्यांना भीती असते की श्रद्धा पातळ होईल, आणि ती भीती प्रेमातून असते. पण हे आपलं नाही असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून आलं, जवळपास ११ हजार ओव्या, मराठीत. ओवी का निवडली, तर लोकांच्या कानाला आणि तोंडाला ओवीच सवयीची होती. ते देवळांत आणि घरांत गायलं जायचं. म्हणजे मराठीत ओवी गाणारा कॅथलिक हा चारशे वर्षांचा जुना माणूस आहे. नंतर आपल्याच भागात रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी अभंग, भजन, कीर्तन सगळं प्रभूच्या पायाशी आणलं. ते प्रोटेस्टंट, हे खरं, पण लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच, नाशिकजवळचं जलालपूर, आणि मराठी ख्रिस्ती घरांत त्यांची गाणी अजून म्हणतात, तेव्हा तो वारसा परका मानायचं कारण मला दिसत नाही.

आणि चर्चचं अधिकृत म्हणणं विचाराल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की चर्चने कुठलीही एकच कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही. पुढे १९६९ मध्ये भारतासाठी रोमने १२ गोष्टींना मान्यता दिली, त्यात मांडी घालून बसणं, अंजली, आरती, समई हे सगळं आलं. अँजेलो दा फोन्सेका गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकले, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि तिथे त्यांनी साडी नेसलेली मारिया रंगवत आयुष्य काढलं, १९६७ मध्ये वारले. त्यांच्यावर त्या काळी टीका झाली, आज लोक ती चित्रं बघायला जातात. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय नृत्य आणि भजनातून बायबल उभं केलं. ही नावं घरी सांगा, पण वाद घालू नका, त्यापेक्षा आईला तालमीला बोलवा. माझ्या आईचा विरोध एका संध्याकाळी गेला, तिला जपमाळेची पाचही दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रभूच्या दुःखाचे पाच प्रसंग, ओवीत ऐकायला मिळाली तेव्हा.

वारलीबद्दल मात्र मी तुम्हाला थांबवतो. ती काही नुसती डिझाइन नाहीये. लग्नात घराच्या भिंतीवर जो चौक लिहितात त्यात पालघट देवी असते, तो सवाष्ण बायका लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणं म्हणते, त्यांच्यासाठी ते पूजेचं आहे. तो चौक उचलून मधल्या देवीच्या जागी मारिया बसवायची, हे मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका, ज्यांचं आहे त्यांना ते दुखतं. पेठ-सुरगाण्याकडे वारली, कोकणा समाजातले आपले ख्रिस्ती बांधव आहेत, त्यांना विचारा की तुम्हाला प्रभूची गोष्ट कशी काढावीशी वाटते, आणि ब्रश त्यांच्या हातात द्या. तारप्याभोवतीचा नाच, शेत, बैल, बी पेरणारा, हे ते इतकं सहज काढतात की बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला समजवावा लागत नाही. आणि सिनेमाच्या चालीवर प्रभूचे शब्द बसवू नका, कान त्या सिनेमातच अडकून बसतो, प्रार्थनेपर्यंत येत नाही.

धर्मांतराच्या शंकेबद्दल मी मित्रांशी भांडत नाही, माझे नियम त्यांना सांगतो. चर्चनेच १९६५ च्या मिशनकार्यावरच्या दस्तऐवजात कुणावरही जबरदस्ती, आमिष, फसवणूक करून श्रद्धेत आणायला सक्त मनाई केलीय. आपल्या घटनेचं कलम २५ धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क देतं, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्याकडे म्हणून असं आहे की यात्रेत कुणाचं नाव-नंबर लिहून घ्यायचं नाही, कुणाच्या हातात न मागता कागद द्यायचा नाही, आजार बरा होईल असं कुणी बोलायचं नाही, बाळ येशूने काय द्यायचं ते त्याचं तो बघेल. आम्ही कोण हे लपवायचं पण नाही, चित्राखाली स्वच्छ लिहितो की ही बायबलमधली गोष्ट आहे आणि आम्ही या पॅरिशचे कॅथलिक आहोत. पंधरा वर्षांत एकदाही कुणी वाकडं बोललं नाही. आणि चित्राखाली जे दोन ओळी लिहाल, जे भजन म्हणाल, ते आधी फादरना दाखवून घ्या, शब्दात एक अक्षर चुकलं तर अर्थ भलतीकडे जातो.

सिस्टर आणि प्रापंचिक एकत्र काम करताना एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून घ्या. सिस्टरची बदली होते. आमच्या ग्रुपचं सगळं, पेटीची चावी, भजनांची वही, रंगाचा हिशोब, एका सिस्टरकडे होतं, त्यांची मे महिन्यात बदली झाली आणि आम्ही चार महिने हातावर हात धरून बसलो. तेव्हापासून वही आणि हिशोब प्रापंचिकाकडे, आणि सिस्टरकडे जे आम्हाला जमत नाही ते, म्हणजे आम्हाला प्रार्थनेला बसवणं. हे हलकं काम नाही. आपण कामावरून थकून येतो, सरळ ब्रश उचलतो, पण आमच्या सिस्टरने नियम घातला की रंगाचा डबा उघडायच्या आधी अर्धा तास तो उतारा वाचून शांत बसायचं, शिमोनच्या वेळी दोन आठवडे आम्ही तोच उतारा वाचत होतो. ज्या चित्रासमोर आपण स्वतः बसलो नाही त्यासमोर दुसरा का बसेल. धर्मभगिनींमध्ये तर काही संघच याच कामासाठी आहेत, १९२४ मध्ये इटलीत फादर अल्बेरियोने यांनी दिव्य गुरूच्या शिष्या म्हणून संघ सुरू केला, त्या उपासनेच्या वस्तू, कला, आणि आराधना हे एकत्रच करतात, त्यांच्यासाठी ही दोन कामं वेगळी नाहीत.

मग सुरुवात कुठून, तर माझा सल्ला ऐकायला साधा वाटेल. यात्रा विसरा सध्या. फादरना विचारून महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, हॉलमध्ये एक टेबल मांडा आणि सांगा की घरातले तुटलेले, रंग गेलेले पुतळे आणा, आम्ही दुरुस्त करून देऊ, पैसे नाही. बघा किती येतात. नाशिकला सगळ्यात जास्त काय येणार ते मी आत्ताच सांगतो, बाळ येशू, आणि तुटलेलं काय असणार तर उजव्या हाताची दोन बोटं. आशीर्वाद द्यायला वर केलेली बोटं ती, पडलं की आधी तीच जातात.

यात मला नेहमी मूळ पुतळ्याची आठवण येते. प्रागमधला तो पुतळा जेमतेम ४७ सेंटिमीटरचा आहे, लाकडाचा आणि वरून मेणाचा. १६२८ मध्ये पोलिक्सेना नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईने तो कार्मेल संघाच्या मठाला दिला, म्हणजे एका प्रापंचिक बाईच्या घरातून तो संन्याशांच्या देवळात गेला. मग युद्ध आलं, मठ लुटला गेला, पुतळा अडगळीत पडला, आणि परंपरा सांगते की काही वर्षांनी फादर सिरिल यांना तो सापडला तेव्हा त्याचे हात तुटलेले होते. त्यांनी तो परत प्रार्थनेला ठेवला आणि हात बसवून घेण्यासाठी खटपट केली. आज जगभर जी भक्ती आहे, आपल्या नाशिकरोडची सुद्धा, ती तुटलेले हात जोडण्यापासून पुन्हा उभी राहिली. म्हणून मी दुरुस्तीला छोटं काम मानत नाही.

शिवाय त्या टेबलावर तुम्हाला जे कळेल ते कुठल्या कोर्समध्ये कळणार नाही. माणूस पुतळा पेपरात गुंडाळून आणतो, उघडताना बोलायला लागतो, हा आमच्या लग्नातला, हा मुलगा आयसीयूत होता तेव्हा उशाशी होता. ते ऐकून घ्या. सहा महिने ऐकलंत की यात्रेत कुठलं चित्र लावायचं, कुठलं भजन म्हणायचं, हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. एकदा एका मुस्लिम शेजारणीने आपल्या ख्रिस्ती मैत्रिणीचा पुतळा अगदी नीट धरून आणला होता, मैत्रीण आजारी म्हणून, आणि काम चालू होतं तोवर दीड तास बसून राहिली.

कामाचं तंत्र पण सांगतो, कारण चुकीची दुरुस्ती बघवत नाही. प्लास्टरचं बोट नुसतं फेविक्विकने चिकटवू नका, टिकत नाही. बारीक ड्रिलने, १ मिलिमीटरचं, हाताने फिरवत भोक पाडा, त्यात तांब्याची तार, लोखंडाची अजिबात नको, ती गंजते आणि वर्षभरात प्लास्टरमधून तपकिरी डाग वर येतो. तारेवर एम-सीलचा पातळ थर, बोट थोडं जास्त जाड ठेवा, रात्रभर वाळू द्या आणि मग पॉलिश पेपरने उतरवत आणा, आधी २२०, शेवटी ४००. ऑइल पेंट वापरू नका. मी सुरुवातीला एका चर्चमधल्या मारियेच्या चेहऱ्याला ऑइल पेंट मारला होता, ट्यूबलाइटखाली गाल असा चमकायचा की डोळ्यांकडे बघताच येईना, लोक खाली बघून प्रार्थना करायला लागले. तो परत खरवडून केला. ॲक्रिलिक घ्या, वर मॅट वार्निश, आणि अंगाच्या रंगात पिवळी माती आणि थोडा तपकिरी सिएना मिसळा, डब्यातला तयार गुलाबी नको. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, आणि दोन्ही डोळे एकाच बैठकीत.

जो पुतळा दुरुस्तच होणार नाही तो कचऱ्यात टाकायचा नाही, आशीर्वादित असतो, घरच्यांना विचारून स्वच्छ जागी मातीत पुरायचा, सिस्टर एक छोटी प्रार्थना म्हणतील. हे पण तुमच्या टेबलाचंच काम.

सामानाला सुरुवातीला फार खर्च येत नाही, रंगाच्या सहा ट्यूब, तीन ब्रश, तार, एम-सील, पेपर, एवढ्यात पहिले दोन-तीन महिने निघतात. पथनाट्यवाल्या दोघांना रिकामं बसवू नका, त्यांना पुतळे नोंदवून घ्यायला बसवा, कारण त्यांना माणसाला बोलतं करता येतं. पावतीवर पुतळ्याचं काय तुटलंय तेवढंच लिहा. पहिला बाळ येशू आला की बोट बसवायच्या आधी त्याचा डावा हात पण बघून घ्या, त्यात गोल असतो आणि त्यावरचा क्रूस बहुतेक वेळा आधीच गेलेला असतो, घरच्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. तो करून द्या, न विचारता.